खिळ्यांपाशी

उपदेश ऐन रंगात आला असताना बाबांनी तिच्या हातांवरचे आपले हात काढून घेतले. झटकले नाहीत, आपटले नाहीत. पोट भरलेला माणूस ताटावरून हात उचलतो तसे उचलले आणि मांडीवर पालथे ठेवून दिले. झालं ते एवढंच. शेजारच्या बाकावरच्या बाईंना तर पत्ताही लागला नसेल. तिचे हात मात्र अर्ध्या वाक्यात हवेत राहिले. पलीकडच्याने फोन ठेवून द्यावा आणि आपण आपलं बोलतच असावं, तशी तिची गत झाली. बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि डोळ्यांनीही आता बरीच वर्षं झाली संप पुकारला होता. जगात जे काय चाललं होतं ते त्यांच्यापर्यंत तिच्या हातांतून पोचायचं. ती खुणा करायची आणि ते तिच्या हातांवर हात ठेवून त्या वाचायचे. ते हात काढून घेतले म्हणजे त्यांनी एकदमच डोळे मिटले, कान झाकले आणि दाराला आतून कडी घातली. चर्चमध्ये असं त्यांनी कधी केलं नव्हतं. आधीचे पाळक तर गुऱ्हाळ घालायचे, लोक उघडपणे पेंगायचे, पण बाबा शेवटच्या शब्दापर्यंत हात हातांवर ठेवून बसलेले असत. पाहुण्याने उठायच्या आधी यजमानाने उठू नये, तसं काहीसं त्यांचं होतं.

ती बाबांच्या समोर एका बुटक्या स्टुलावर बसायची, गुडघ्याला गुडघा लावून, त्यामुळे पाळकांकडे तिची पाठ असे. लहानपणापासून असंच. आई आणि बाबा दोघंही बहिरे, दोघं शेजारी शेजारी बसलेले, आणि समोर ही दोन वेण्यांची दुभाषी. देवाचं वचन तिने उभ्या जन्मात पाठीमागूनच ऐकलं होतं. डोळ्यांसमोर असायचे ते ऐकणाऱ्यांचे चेहरे. कोण जांभई गिळतंय, कोण घड्याळ बघतंय, कोणाचे डोळे उगीचच भरून आलेत. देव कसा असतो हे तिला नीटसं कळलं नसेल, पण देवाबद्दल ऐकताना माणसं कशी दिसतात या विषयात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आजचा विषय नेमका तोच होता. पाळक नवे होते, वयाने लहान, आवाज प्रामाणिक. “देव कसा आहे असं कोणी विचारलं तर डोकं खाजवत बसू नका,” ते म्हणत होते. “सरळ येशूकडे बोट दाखवा. वर आकाशात एक तापट बाप आणि खाली एक मवाळ मुलगा, अशी दोन माणसं नाहीत. येशूत जे दिसत नाही ते देवातही नाही. त्याने रोग्याला हात लावला, तो देवाने लावला. तो मित्राच्या थडग्यापाशी रडला, तो देव रडला. देव बघायचाय ना? मग या माणसाचे हात बघा.” ती खुणा करत होती. हात रोग्याला शिवले, हातांनी लेकरं उचलली, हातांनी भाकर मोडली. बाबांचे हात तिच्या हातांवर स्वार होऊन सगळीकडे फिरत होते. मग पाळकांचा आवाज खाली आला. “आणि त्या हातांचं आपण काय केलं? खिळे ठोकले.” तिने खूण केली ती एवढीच: शेवटी तो मेला. आणि बाबांनी हात काढून घेतले.

त्यांना ऐकू तर आलं नव्हतं. पण ही गोष्ट त्यांना पाठ होती. हातांनंतर काय येतं हे ते झोपेतही सांगू शकले असते.

उपदेश पुढे चालूच राहिला. ती बाबांच्या पालथ्या हातांकडे बघत बसली. जन्मभर फर्निचरला पॉलिश केलेले हात. काचकागदाने घासघासून बोटं इतकी जाणती झालेली, की डोळे शाबूत असतानाही ते लाकूड डोळ्यांनी बघायचेच नाहीत. खुर्ची तयार झाली की तिच्यावरून बोटांची मागची बाजू हळूच फिरवायचे आणि कुठेतरी थबकायचे. तिथे तिला काही दिसायचं नाही. आईलाही दिसायचं नाही. पण बाबा थबकले म्हणजे तिथे काहीतरी राहिलेलं असायचंच. पुढे डोळे जायला लागले ते कडेकडेने. आधी बाजूचं दिसेना, मग वरचं आणि खालचं, आणि त्यांच्यासमोरची खिडकी दर वर्षी थोडी थोडी लहान होत गेली. आई त्या खिडकीच्या मापाने खुणा करायची. पूर्वी ती बोलायला लागली की आजूबाजूच्या कपबश्यांना धोका असायचा, ती हळूहळू दोन्ही कोपर पोटाशी धरून बोलू लागली, मग छातीसमोरच्या वीतभर जागेत, मग हनुवटीशी. शेवटी खिडकी नाण्याएवढी उरली तेव्हा बाबांना आईचा एका वेळी एकच डोळा दिसायचा, नाहीतर ओठांचा एक कोपरा. एक दिवस आईने आपणहून त्यांचे हात उचलून आपल्या हातांवर ठेवले. त्या दिवशी बाबांना रडताना तिने पहिल्यांदा पाहिलं. आईने मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. उलट त्यांच्या हातात काहीतरी भलतंच सांगितलं असणार, कारण रडता रडताच ते हसले.

भांडण झालं की या घरात वेगळीच गंमत असे. वाद हाताबाहेर जायला लागला की आई बाबांचे दोन्ही हात आपल्या हातांत पकडून ठेवायची. त्यांचं बोलणं बंद. पण तिचेही हात अडकलेले, म्हणजे तिचंही बंद. दोघं तशीच बसून राहायची, एकमेकांना गप्प करून, आणि थोड्या वेळाने कोणाला तरी हसू फुटायचं. इतर घरांत हातात हात घेतले म्हणजे लोक प्रेमाचं बोलतात असं तिने वाचलं होतं. त्यांच्याकडे हातात हात घेतले की बोलणं थांबायचं.

बाक सरकल्याचा आवाज झाला. लोक गीतासाठी उभे राहिले. ती उभी राहिली, बाबा बसून राहिले. गीतात येशूचं नाव दर कडव्यात येत होतं. बहिऱ्यांत त्याच्या नावाची खूण साधी आहे. एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळव्याच्या मध्यावर टेकवायचं, मग हात बदलून तसंच. खिळ्यांच्या जागा. लहानपणी तिला ही खूण फार आवडायची, कारण आई ती तिच्या तळव्यावर करायची आणि गुदगुल्या व्हायच्या. आई गेल्यापासून तिने ती खूण एकदाही केली नव्हती. नाव आलं की ती बोटांनी एकेक करून अक्षरं मांडायची, एखाद्या परक्या माणसाचं नाव मांडावं तशी. बाबांनी एकदा विचारलंही होतं, “नाव विसरलीस का त्याचं?” ती म्हणाली होती, “असंच.” 

बाहेर पडताना पाळक दारात भेटले. “बाबांना बरं वाटत नाही का आज? मी बघितलं, मधेच त्यांनी...” म्हणजे त्यांनी बघितलं होतं तर. ती म्हणाली, “वय झालंय, दमतात.” पाळकांनी बाबांचा हात हातात घेतला आणि मोठ्या आवाजात, सावकाश, तोंड उघडून म्हटलं, “देव तुमच्या बरोबर असो!” लोक बाबांशी असंच बोलायचे, जणू थोडं जोरात बोललं असतं तर साठसत्तर वर्षांचं बहिरेपण एका मिनिटात गेलं असतं. बाबांनी मान डोलावली. आवाजाने नाही, हाताच्या दाबाने त्यांना कळायचं की काहीतरी चांगलं म्हटलं गेलं.

घरापर्यंत ती दोघं चालत आली. चालताना बाबांचा हात तिच्या कोपराला असे, त्यामुळे रस्त्यात बोलणं नसे. तिला ते बरंच वाटायचं. दुकानं अर्धीमुर्धी उघडी होती. एक माणूस काचेवर साबणाचं पाणी मारत होता. तिच्या कोपरावरचा हात नेहमीपेक्षा हलका होता, की तिला तसं वाटत होतं? तिच्या मनात परत तेच सुरू झालं. दुपार. लांबलचक खोली. भिंतीशी ओळीने खाटा. आणि आईच्या खाटेवर टांगलेली पाटी, तिच्याच अक्षरातली.

ती दुभाषी होती. कोर्टात, बँकेत, दवाखान्यात, जिथे बहिरा माणूस अडेल तिथे तिला बोलावणं यायचं. पोटभर कमावलं ते हातांवर. आईला दवाखान्यात ठेवल्यावर पहिल्याच दिवशी तिने पाटी लिहिली होती: ‘यांना ऐकू येत नाही.’ मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. सिस्टरांनी कौतुक केलं, किती व्यवस्थित लिहिलंय म्हणून. त्या दुपारी तिला कोर्टात बोलावलं, एका बहिऱ्या जोडप्याचा घटस्फोट होता. ती म्हणाली, तासाभरात येते. आईने डोळ्यांनीच जा म्हटलं. कोर्टात ती दोघं एकमेकांवर अशी तुटून पडली, दोन्ही हातांनी, एकाच वेळी, की न्यायाधीश म्हणाले, “अहो, एकेकाने बोला, बाईंना दोनच हात आहेत,” आणि सगळं कोर्ट हसलं. तीही हसली. त्याच वेळी इकडे आईचा जीव घुसमटायला लागला होता, आणि आई बोलत होती. हात उचलून, नळ्यांसकट. सिस्टरांना वाटलं, भान नाही, नळ्या उपसतेय. त्यांनी शिस्तीत, दुखू नये म्हणून खाली कापूस घालून, दोन्ही मनगटं बँडेजने खाटेच्या दांड्यांना बांधली. त्यांचं काही चुकलं नाही. पाटीवर लिहिलं होतं की ऐकू येत नाही. हातांनी बोलतात हे कुठे लिहिलं होतं? ती लिहायला विसरली नव्हती. ते लिहायला लागतं हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या घरात हे कोणी कोणाला कधी सांगितलंच नव्हतं. तोंडाने जेवायचं असतं असं कोणी पाटीवर लिहितं का?

ती पोचली तेव्हा आई गेलेली होती आणि हात अजून बांधलेलेच होते. गाठी तिने सोडल्या.

बाबांना टॅक्सीतून आणलं तेव्हा ते खाटेशी उभे राहिले आणि नेहमी खुर्चीवरून फिरवायचे तसा त्यांनी आईवरून हात फिरवला. कपाळ, गाल, खांदे, दंड. मनगटाशी ते थबकले. दुसऱ्या मनगटाशीही.  मग तिने स्वतःची समजूत घातली की ते आईचं घड्याळ शोधताहेत. घड्याळ तिच्या पर्समध्ये होतं, तिने ते काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि विचारलं, “शेवटी काय म्हणाली?” जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं पोचवणाऱ्या तिने त्यांचे हात आपल्या हातांवर घेतले आणि दोन्ही पंजांची टोकं छपरासारखी जुळवली. “म्हणाली, घरी जाऊ.” बाबांनी मान हलवली. तेव्हापासून वर्ष झालं. रोज चहा घेताना ते केव्हातरी दोन्ही पंजे छपरासारखे जुळवायचे, एकटेच, आणि खाली ठेवायचे.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. बाबा टेबलाशी बसले. दारावरची बेल वाजली की पूर्वी दिवा लागायचा. बाबांचं दिसणं गेल्यावर त्या वायरीला तिने टेबलफॅन जोडून दिला होता, कोणी आलं की बाबांच्या तोंडावर वारा यायचा. पण आता रविवारी कोणी येत नसे. पंखा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. तिने कप त्यांच्या हाताशी लावला. त्यांनी तो बाजूला सारला आणि दोन्ही हात पुढे केले, वाचायला. तिला आपले हात त्यांच्याखाली घालावे लागले.

“तू खिळ्यांपाशी आलीस की थांबतेस,” बाबा म्हणाले. ते बोलायचे तेव्हा हात हवेत करायचे, जुन्या सवयीने, जरा मोठे, समोर आई बसल्यासारखे. “दर वेळी. आज तर तू उडीच मारलीस. तो माणूस एवढं हातांबद्दल सांगत होता, आणि येशू एकदम मेला? कशाने मेला? सर्दीने?”

तिला हसू आलं. खुणांत अहोजाहो नसतं, समोर बोट केलं की झालं. पण ती मनातल्या मनात त्यांना तुम्हीच म्हणायची. “तुम्हाला गोष्ट माहीत आहे, बाबा. मी कशाला सांगायला पाहिजे?”

“मला गोष्ट नको होती. मला बघायचं होतं तू सांगतेस का. वर्षभर मी त्यासाठीच येतोय. देवासाठी नाही.”

 बाबांनी तिचा उजवा तळवा उताणा केला. आपलं मधलं बोट त्यांनी तळव्याच्या मध्यावर आणलं, त्याच्या नावाची खूण करायला. पण बोट तिथे टेकलं नाही. ते तळव्यावरून खाली उतरलं, सावकाश, आणि मनगटावर येऊन थांबलं. मग डाव्या हाताच्या मनगटावर. पट्टी बांधतात तिथे. मग त्यांनी ती खूण परत केली. आता ते त्याचंच नाव होतं, फक्त जागा हललेली.

म्हणजे ते घड्याळ शोधत नव्हते. बाबा कुठेही उगीच थबकत नसत हे तिला माहीत असायला हवं होतं. एक सबंध वर्ष रोज सकाळी ते तिच्यासमोर छपराची खूण करत होते, आणि तिला वाटत होतं की ते आईचे शब्द आठवताहेत. ते तिचा खोटेपणा तिच्यापुढे ठेवत होते, रोज, चहाच्या कपाशेजारी, तिने उचलावा म्हणून. तिला इतकी लाज वाटली की हात काढून घ्यावेसे वाटले. घेतले मात्र नाहीत.

“मी नव्हते तिथे,” ती म्हणाली. “कोर्टात होते. मी हसत होते तेव्हा. सिस्टरांनी हात बांधले, कारण मी लिहिलं नव्हतं की ती हातांनी बोलते. घरी जाऊ असं ती म्हणाली नाही. ते मी म्हणाले.”

 बाबांनी विचारलं, “काहीच नाही म्हणाली?”

तेच एक सांगायचं राहिलं होतं. सिस्टर रडवेली होऊन तिला म्हणाली होती, “हात बांधल्यावरसुद्धा बोटं चालूच होती हो त्यांची. सारखं असं असं करत होत्या.” आणि तिने करून दाखवलं होतं: चार बोटं ताठ, अंगठा आत मिटलेला, आणि बोटं पुढे वाकवायची, परत ताठ करायची. दांड्याशी बांधलेल्या हाताने, तिथल्या तिथे. खुणेला नुसती बोटं पुरत नाहीत, तिला अंगावर जागा लागते. हीच बोटं कपाळाशी नेली तर बाबांचं नाव होतं. हनुवटीशी नेली तर पाणी. छातीशी नेली तर दुखतंय. गालापासून पुढे आणली तर ये. खांद्यावरून मागे टाकली तर असू दे, जाऊ दे. जागा नाही तर काही नाही, नुसती हलणारी बोटं. वर्षभर तिने तो पंजा आपल्या अंगावर जिथे तिथे लावून पाहिला होता, आंघोळ करताना, बसची वाट बघताना. प्रत्येक जागी तो बसत होता. कुठेच बसत नव्हता.

तिने तो पंजा केला आणि बाबांच्या हाताखाली दिला. “एवढंच,” ती म्हणाली. “याला जागा नव्हती.”

बाबांनी तिचा पंजा दोन्ही हातांत धरला, एखादा सुटा झालेला खुर्चीचा भाग धरावा तसा, आणि उचलून आधी आपल्या कपाळाशी नेला. थोडा वेळ तिथे ठेवला. मग हनुवटीशी. मग छातीशी. गालाशी नेला, पुढे आणला. खांद्यावर ठेवला, मागे टाकला. परत कपाळाशी नेला. या वेळी तो तिथेच ठेवावा, तुमचंच नाव होतं म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर, म्हणजे बोटांवर आलं. पण एकदा तिने हेच केलं होतं. तिने पंजा त्यांच्या हातांत सैल सोडला, आणि बाबांनी तो कपाळावरूनही खाली घेतला.

“आज तो पाळक म्हणाला,” बाबा म्हणाले, “की देव बघायचा तर त्याचे हात बघा.”

“हो.”

“मग बघितले की.” त्यांनी मनगटावरची ती नवी खूण केली. “देव असा असणार. काहीतरी म्हणतोय. आणि हात बांधलेत.”

“मग त्याचा उपयोग काय?” तिने इतक्या जोरात विचारलं की कप हिंदकळला आणि चहा टेबलावर सांडला. “आईला काय उपयोग झाला? कोणीतरी सोडवायला नको होतं?”

“हवं होतं.”

“मग?”

 चहा टेबलाच्या कडेपर्यंत वाहत गेला आणि थेंब थेंब खाली पडू लागला. बाबांना तो दिसत नव्हता, तिला पुसावासा वाटला नाही. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, तुला माहीत असेल. तू ऐकतेस.”

ती काय सांगणार होती? इतकी वर्षं देवाकडे पाठ करून ती ऐकत आली होती, आणि ऐकलेलं सगळं इकडून तिकडे पोचवून मोकळी होत आली होती. तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. तिने हात उचलले, काहीतरी म्हणायला, पुढच्या रविवारचं, औषधांचं, निदान चहा परत करते असं काहीतरी. पण बाबांनी चाचपत तिची दोन्ही मनगटं धरली. आई धरायची तशी. घट्ट नाही, ती सहज सोडवून घेऊ शकली असती. आता तिला बोलता येत नव्हतं आणि त्यांनाही येत नव्हतं. ती वाट बघत राहिली, पूर्वी कोणाला तरी हसू फुटायचं तशी. दोघांपैकी कोणीच हसलं नाही. सांडलेला चहा गार होऊन टेबलावर तसाच राहिला.